लाल लाईट लागायच्या आधी हात गिअरवर पाहिजे

माझ्या एका मित्राने गेल्या दिवाळीला सेकंड हँड जर्मन स्पोर्ट्स कार घेतली. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण सोलापुरात तसली गाडी घेतली की सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत सगळ्यांना मालक कोण ते पाठ असतंय. टॉवेल-चादरीचा धंदा आहे त्याचा, आयुष्यभर डिझेल एसयूव्ही चालवलेला माणूस. पहिल्या दिवशी मला शेजारी बसवलं, हैदराबाद रोडला रिकामा पट्टा बघून जरा पाय दाबला आणि मीटरच्या वर हिरवे, मग पिवळे, मग लाल दिवे ओळीने लागले, तर ह्याने घाबरून पायच उचलला. मला म्हणतो, "का बे, गाडी गरम झाली का? लाल लाल दिवे लागायलेत की."

समजावून सांगितलं, की ही शिफ्ट लाईट आहे, वरचा गिअर टाकायची वेळ झाली म्हणून सांगणारे दिवे. मग आठवड्याभरात साहेब दुसऱ्या टोकाला गेले. सगळे दिवे लुकलुकेपर्यंत थांबायचं, इंजिन लिमिटरला, म्हणजे त्याच्या फिरण्याच्या शेवटच्या हद्दीला, टकटकटक आपटायचं आणि मग गिअर टाकायचा, आणि वर तोंड करून सांगायचं की रेसिंगवाले असंच करतात. नाही करत. म्हणून हे लिहायला बसलो. माझ्याकडे स्वतःची वर्टस जीटी आहे, दीड लिटर टर्बो, मॅन्युअल, त्याआधी ड्युक ३९० होती, म्हणजे सुपरकारवाला नाही मी, पण शिफ्ट लाईटचं गणित दोन चाकाला चार चाकाला सेमच असतंय.

आधी एक घोळ मिटवू

तुमच्या साध्या गाडीत, म्हणजे स्विफ्ट, आय२०, काहीही असू दे, मीटरमध्ये छोटा वरचा बाण येतो आणि शेजारी ३ किंवा ४ आकडा दिसतो. ती शिफ्ट लाईट नव्हे. तो बाण मायलेजसाठी आहे, दीड-दोन हजार आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) म्हणतो की वरचा गिअर टाक, पेट्रोल वाचव. स्पोर्ट्स कारमधली शिफ्ट लाईट बरोब्बर उलटं सांगते, की इंजिनमध्ये होतं नव्हतं ते सगळं काढून घेतलंस, आता पुढं काही मिळणार नाही, गिअर टाक. एक काटकसरी बायको आणि एक उधळ्या मेव्हणा, दोघं एकाच घरात. कुणाचं कधी ऐकायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि पार्क चौकात ट्रॅफिकमध्ये अर्थातच बायकोचं.

बाईकवाल्यांना ही लाईट ओळखीची आहे, ड्युकला आहे, आर१५ ला आहे. ड्युक नवीन असताना रनिंग-इनच्या काळात ती मुद्दाम लवकर लागते, बरेच जण शोरूमला फोन करून विचारतात की लाईट खराब आहे का. खराब नसते, इंजिनला सांभाळून घ्या म्हणत असते.

लाईट नेमकं काय सांगते

प्रत्येक पेट्रोल इंजिनला एक आरपीएम असतो जिथं सगळ्यात जास्त पॉवर मिळते, त्याच्यापुढं काही अंतरावर रेडलाईन, म्हणजे मीटरवरची लाल हद्द, आणि तिथंच किंवा जरा पुढं लिमिटर. लिमिटरला गेलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल नाहीतर स्पार्क तोडतो, गाडी पुढं जायची थांबते आणि तुम्ही मानेला झटके खात बसता. म्हणजे लिमिटरला लावणं हे शौर्य वगैरे काही नाही, तेवढा वेळ गाडी चक्क काम बंद करून उभी असते. फॉर्म्युला वनच्या स्टेअरिंगवर वरच्या बाजूला जी दिव्यांची ओळ असते ती ह्याचसाठी, ड्रायव्हरला खाली बघून काटा वाचायला वेळच नसतो. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत हीच ओळ समोरच्या काचेवर हेड-अप डिस्प्लेत येते, ऑडीच्या आरएस गाड्यांत डिजिटल मीटरच रंग बदलतं.

आता मुख्य प्रश्न, गिअर टाकायचा कुठं. लोकांना वाटतं रेडलाईनला. तर ते इंजिनवर आहे. होंडा एस२००० सारखं इंजिन घ्या, टर्बो नाही, पॉवर ८३०० आरपीएमला आणि रेडलाईन ९०००, तिथं शेवटपर्यंत ओढण्यातच मजा आणि फायदा. माझ्या वर्टसचं इंजिन १५० पीएस देतं ते ५००० ते ६००० च्या मधे, आणि २५० एनएम टॉर्क १६०० पासून ३५०० पर्यंत. ६००० च्या पुढं नुसता आवाज वाढतो. कानाला वाटतं जोरात चाललोय, पण गाडी थकलेली असते. टर्बो गाड्यांमध्ये बहुतेक वेळा हेच असतं, शेवटचे चार-पाचशे आरपीएम सोडून दिले तरी काही बिघडत नाही.

हे स्वतः काढायचं असेल तर गिअर रेशो लागतात, म्हणजे गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर निघायला इंजिनला किती फेरे मारावे लागतात तो आकडा, ओनर्स मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये मिळतात. उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ, पहिला ३.६, दुसरा २.०, तिसरा १.३, चौथा १.०. ६५०० ला गिअर बदलला तर नवीन आरपीएम म्हणजे ६५०० गुणिले पुढचा रेशो भागिले आत्ताचा रेशो. पहिल्यातून दुसऱ्यात ३६०० च्या आसपास पडाल, दुसऱ्यातून तिसऱ्यात ४२२५, तिसऱ्यातून चौथ्यात ५०००. बघा, पहिल्यातून दुसऱ्यात इंजिन लई खाली पडतं, म्हणून तिथं जरा जास्त ओढून घेणं परवडतं, आणि वरच्या गिअरात पडायचं अंतर कमी, म्हणून तिथं लवकर टाकलं तरी इंजिन परत पॉवरमध्येच सापडतं. एकच आरपीएम सगळ्या गिअरला धरून बसायचं नाही, एवढंच ह्यातून घ्या.

लाईट कितीवर सेट करायची

ज्या गाडीत सेटिंग बदलता येतं, किंवा बाहेरून लावलेली शिफ्ट लाईट आहे, तिथं लोक सरळ रेडलाईनचा आकडा टाकतात आणि मग रोज लिमिटरला आपटतात. कारण डोळ्याला लाईट दिसल्यापासून हात-पाय हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पहिल्या गिअरात ताकदवान गाडीचा आरपीएम सेकंदाला ३००० ने चढतोय धरा, पाव सेकंदात ७५० गेले. म्हणजे ६५०० ला गिअर पडायला हवा असेल तर लाईट ५७५० ला लागली पाहिजे. दुसऱ्यात चढायचा वेग निम्मा झाला तर ६१०० चालेल. चौथ्यात सेकंदाला ४०० च चढत असेल तर ६४०० ला लागली तरी तुम्ही आरामात गिअर टाकाल. गिअरप्रमाणे वेगळं सेटिंग देणाऱ्या लाईट्स मिळतात, नसेल तर पहिल्या-दुसऱ्याच्या हिशोबाने सेट करा आणि वरच्या गिअरात लाईट लागल्यावर मनात 'एक' म्हणून मग टाका. जुगाड आहे, पण चालतो.

ओळीतल्या दिव्यांची असेल तर अजून सोपं. हिरवे म्हणजे तयारी, पिवळे म्हणजे हात लिव्हरवर, लाल पूर्ण व्हायच्या आत क्लच खाली. सगळी लुकलुकली तर तुम्ही उशीर केला. माझ्या मित्राचं नेमकं हेच चुकत होतं, तो लुकलुकण्याला 'सुटा' समजायचा, रेल्वे गेटसारखं.

आणि लाईटकडे बघायचं नाही. ऐकायला उलटं वाटेल, पण ती लावलीच अशी असते की नजर रस्त्यावर ठेवून डोळ्याच्या कडेला जाणवावी. महिनाभर सवय झाली की तुमचा कान आवाजावरून आधीच सांगतो आणि लाईट फक्त शिक्का मारायला उरते. कान तयार झाला का बघायचं असेल तर शेजारी कुणाला तरी बसवा, लाईटवर कागदाची पट्टी चिकटवा आणि तुम्ही गिअर टाकला त्या क्षणाचा आरपीएम त्याला वाचायला सांगा. माझा पहिल्यांदा ५२०० आला होता, मला वाटत होतं मी ६००० ला टाकतोय. इज्जतच गेली.

आपल्याकडं उन्हाचा एक वेगळा त्रास. एप्रिल-मेमध्ये दुपारी डॅशबोर्डवर ऊन थेट येतं, स्वस्तातली लाईट दिसतच नाही, आणि संध्याकाळी पुण्याच्या दिशेने गेलं की सूर्य बरोब्बर डोळ्यात. ब्राइटनेस दिवसासाठी वेगळा आणि रात्रीसाठी वेगळा ठेवता येईल अशीच घ्या, नाहीतर दिवसासाठी वाढवलेली लाईट रात्री डोळ्यावर बॅटरी मारल्यासारखी लागते. पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर काही डिजिटल स्क्रीन त्यातून काळ्या दिसतात, गाडीत बसून एकदा मान वाकडी करून चेक करा. सुट्ट्या एलईडीला तो प्रॉब्लेम नसतो.

फोनवरच्या ॲपला शिफ्ट लाईट म्हणून वापरायची आयडिया सोडून द्या. मीही केली होती. ऑनलाइन एक स्वस्त ब्लूटूथ डोंगल मागवला, स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीची माहिती वाचायच्या सॉकेटला, लावला, फोन समोर चिकटवला. ते डोंगल सेकंदाला मोजक्याच वेळा आरपीएम वाचतं, त्यात ब्लूटूथचा उशीर, त्यामुळं फोनवर ५००० दिसायचे तेव्हा इंजिन ६००० ला पोचलेलं असायचं. वरून आपल्या उन्हात फोन तापून बंद पडला. लॅप टायमिंगला रेसक्रोनोसारखं ॲप ठीक आहे, नंतर घरी बसून बघायला मजा येते, पण चालवताना त्याच्या भरवशावर गिअर टाकायचा नाही. बाहेरून लावायचीच असेल तर इंजिनचा टॅको सिग्नल, म्हणजे आरपीएमचा सिग्नल, थेट घेणारी लावा, चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून, आणि वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारून. आणि एक लाईट पुरे. ए-पिलरवर (समोरच्या काचेच्या बाजूचा खांब) तीन मीटर, डॅशवर दोन, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

लाईट फक्त वर जायचं सांगते, खाली यायचं नाही

हे लई महत्त्वाचं आहे म्हणून जरा लांबवतोय. लिमिटर इंजिनला वाचवतो तो तुमच्या पायापासून. चाकांपासून नाही वाचवू शकत. वरच्या उदाहरणातली गाडी चौथ्यात ६००० ला आहे आणि तुम्ही तिसरा टाकला, तर क्लच सोडल्यावर चाकं इंजिनला ७८०० पर्यंत फिरवणार, लिमिटर काय करणार बिचारा, पेट्रोल तोडून काय उपयोग. तिसऱ्याची मर्यादा ६५०० म्हणजे चौथ्यात ५००० च्या खाली आल्याशिवाय तिसरा नाही. आधी ब्रेक, मग गिअर. सोलापूरकडं ट्रक चालवणाऱ्या जुन्या लोकांची सवय उलटी असते, गिअरवर गाडी थांबवायची, ती सवय घाटात लोड घेऊन ठीक, इथं नाही.

सगळ्यात महाग चूक मात्र वर जातानाच होते. तिसऱ्यात लाल लाईट पेटलीय, घाई झालीय, लिव्हर जोरात मागं ओढला आणि चौथ्याऐवजी दुसरा पडला. ६५०० चे थेट १०,०००. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन जातं, आणि क्लेम करायला गेलात तर ईसीयूमध्ये सगळं नोंदलेलं असतं. उपाय साधा आहे, लिव्हर मुठीत आवळायचा नाही. न्यूट्रलला स्प्रिंग लिव्हरला आपोआप मधल्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणून ठेवतो. तिसऱ्यातून चौथ्यात तळहाताने सरळ मागं घ्या, बाजूला दाबू नका. ऑटोमॅटिक आणि ड्युअल क्लचवाल्यांना ही भीती नाही, पॅडल मारलं तरी गाडी ऐकत नाही जर आरपीएम जास्त होणार असेल तर. बीप करते आणि गप बसते.

रेव्ह मॅचिंग असलेली गाडी असेल तर डाउनशिफ्टला ती स्वतः हलका रेस मारून इंजिन आणि चाकांचा मेळ घालते. वापरा खुशाल. पण अधूनमधून बंद करून स्वतः टाच-पंजा शिका, उजव्या पायाच्या पंजाने ब्रेक आणि त्याच पायाच्या कडेने रेस. सुरुवातीला ब्रेक जास्त दाबला जातो आणि शेजारचा शिव्या देतो, म्हणून आधी बंद गाडीत घरासमोर प्रॅक्टिस करा.

पिवळी घसरती गाडी

आता ट्रॅक्शन कंट्रोल, ईएसपी, एबीएस. मीटरमध्ये पिवळ्या रंगाची गाडी आणि मागं नागमोडी रेषा, ती लाईट. शिफ्ट लाईटचं कौतुक सगळे करतात, फोटो टाकतात, पण मला विचाराल तर खरी मास्तर ही पिवळी लाईट आहे. शिफ्ट लाईट इंजिनचं सांगते, ही टायरचं सांगते, आणि शेवटी गाडी रस्त्याला धरून ठेवतो तो टायर.

काम कसं चालतं ते थोडक्यात. चारही चाकांवर स्पीड सेन्सर. एबीएस १९७८ ला बॉशने मर्सिडीज एस-क्लासमध्ये आणलं, ब्रेक मारल्यावर चाक लॉक व्हायला लागलं की प्रेशर सोडायचं, परत धरायचं, सेकंदात कितीतरी वेळा. पाय थरथरतो तेव्हा लोक घाबरून पाय उचलतात, उचलायचा नाही, अजून दाबायचा आणि स्टेअरिंग फिरवून चुकवायचं, एबीएसचा फायदाच तो आहे की ब्रेक दाबलेला असताना गाडी वळते. ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे त्याचाच उलटा भाऊ, रेस दिल्यावर चाक मोकळं फिरलं की इंजिनची ताकद कमी करतं किंवा त्या एका चाकाला ब्रेक लावतं. ईएसपी १९९५ ला आलं, त्याच्यात स्टेअरिंग कुठं वळलंय आणि गाडी खरोखर कुठं फिरतीय ह्याची तुलना होते, फरक पडला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतं. हे काम तुमच्या पायाला शक्यच नाही, तुमच्याकडं ब्रेकचं पॅडल एकच आहे.

"फॉर्म्युला वनमध्ये तर ट्रॅक्शन कंट्रोल वापरत नाहीत," हे वाक्य सोलापुरात मी किमान दहा जणांकडून ऐकलंय. बरोबर आहे, २००८ पासून तिथं बंदी आहे, एबीएस तर १९९४ पासूनच नाही. पण बंदी का घातली? कारण ते लई चांगलं काम करत होतं, ड्रायव्हरचं कौशल्य झाकलं जात होतं. तुम्हाला झाकायला नको का?

वापरायची पद्धत अशी ठेवा. पहिले दोन-तीन महिने सगळं चालू, नॉर्मल मोड. प्रत्येक वेळी पिवळी लाईट लुकलुकली की मनात नोंद करा कुठं आणि का. वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंग वळलेलं असतानाच रेस जास्त दिला? वळणात शिरताना स्पीड जास्त होता? रस्त्यावर खडी होती? मी खरंच छोटी वही ठेवली होती, लोक हसायचे. हळूहळू त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला लाईट लुकलुकायची कमी होते, म्हणजे तुमचा पाय शिकला. लाईट न लागता तेवढंच जोरात चालवता यायला लागलं की मग स्पोर्ट मोड, जिथं गाडी थोडं घसरू देते आणि मगच मधे पडते. बीएमडब्ल्यूमध्ये त्याला एम डायनॅमिक मोड म्हणतात, पोर्शमध्ये पीएसएम स्पोर्ट, नवीन एम३-एम४ ला तर ट्रॅक्शनच्या दहा पायऱ्या आहेत. तिथंही एकेक पायरी उतरा. पूर्ण बंद ही शेवटची पायरी आहे, आणि ती रस्त्यावर कधीच नाही.

बटणाचा एक घोळ लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, आणि तीन-चार सेकंद धरून ठेवलं की ईएसपी. काहींत दाबून धरलं तरी पूर्ण जात नाही, ब्रेक मारला की परत जागं होतं. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वाचा, ग्लोव्ह बॉक्समध्ये पॉलिथिनमध्ये तसंच पडलेलं असणार.

ह्या सगळ्याची खरी परीक्षा आपल्याकडं पावसाच्या पहिल्या आठवड्यात होते. शेतातून ट्रॅक्टर निघतो, चाकाला चिकटलेली काळी माती डांबरावर पन्नास-शंभर फूट पसरतो, वर दोन थेंब पडले की साबण. तीनशे हॉर्सपॉवरची मागच्या चाकावर चालणारी गाडी तिथं नुसत्या रेसच्या स्पर्शाने आडवी होते. मोहोळच्या अलीकडं मी माझ्या पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाडीत पिवळी लाईट चार सेकंद लुकलुकताना बघितलीय, स्पीड पन्नाससुद्धा नव्हता. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायची एकच जागा मला रस्त्यावर माहीत आहे, गाडी त्याच काळ्या मातीत रुतली आणि ते चाकाला फिरूच देत नाहीये, तेव्हा. बंद करा, हळू बाहेर काढा, लगेच चालू करा.

लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीवरून पूर्ण ताकदीने सुटायची सोय, त्याबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहितो, नाहीतर मला त्यात फार रस नाही. साधारण सगळ्या ऑटोमॅटिकमध्ये सारखंच, इंजिन आणि गिअरबॉक्स नीट गरम, स्पोर्ट मोड, ईएसपी स्पोर्टला, स्टेअरिंग सरळ, डाव्या पायाने ब्रेक पूर्ण, उजव्याने रेस पूर्ण, आरपीएम एका जागी थांबला की ब्रेक झटक्यात सोडा. ब्रेक हळू सोडलात तर सगळं बिघडतं. एकदा झालं की गिअरबॉक्सला पाच-दहा मिनिटं साधं चालवून गार होऊ द्या. प्रत्येक लाँचला क्लच आणि ड्राइव्ह शाफ्ट मार खातात, मित्राने गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांना एका संध्याकाळी सहा वेळा करून दाखवलं, मग मीटरमध्ये गिअरबॉक्स ओव्हरहीट आलं आणि गाडी अर्धा तास रस्त्याच्या कडेला. पाहुणे रिक्षाने गेले.

हे सगळं करायचं कुठं

विजापूर रोडला रात्री नाही, एवढं आधी. ताकदवान गाडी दुसऱ्या गिअरातच शंभरच्या आसपास जाते, म्हणजे हायवेच्या स्पीड लिमिटमध्ये राहून शिफ्ट लाईट तुम्हाला पहिल्या दोन गिअरातच दिसणार. तेवढ्यात प्रॅक्टिस होते, जास्तीची गरज नाही. कारखाने चालू झाले की उसाच्या डबल ट्रॉल्या मागं दिवा नसताना चाललेल्या असतात, त्यांना कुठलं ईएसपी ओळखत नाही. सार्वजनिक रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये येतं, पहिल्यांदा सापडलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही.

ट्रॅक आपल्यापासून लांब आहेत हे खरं दुखणं. कोईमतूरला कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटर, जिथं २०११ ते २०१३ तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा वेटेल जिंकला. ट्रॅक डे असला की पैसे भरून स्वतःची गाडी चालवता येते. चार जण मिळून जा, एकट्याने एवढं ड्रायव्हिंग करून वर ट्रॅकवर चालवायचं म्हणजे थकवा येतो.

जायच्या आधी ब्रेक ऑइल बदला, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. नवीन डॉट ४ ऑइल २३० डिग्रीला उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मुरलेलं १५५ ला उकळू शकतं. माझं तीन वर्षांचं होतं. कोईमतूरला पाचव्या लॅपला पॅडल स्पंजासारखं खाली गेलं, नशीब समोर मोकळी जागा होती. तेव्हा एकही लाईट लागली नाही, ना शिफ्ट ना पिवळी. दोन वर्षांनी बदलायचंच, ट्रॅकला जाणार असाल तर जायच्या आधी.

टायरची हवा गार असताना मोजा. दर १० डिग्रीला साधारण दीड पीएसआय वाढतं, म्हणजे सोलापुरात उन्हाळ्यात सकाळी २६ डिग्रीला ३२ भरलेला टायर दुपारी ४२ ला गाडी न हलवताच ३४ च्या वर जातो. ट्रॅकवर अजून वाढतं, प्रत्येक सेशननंतर मोजून जास्तीची काढा, आणि घरी निघताना परत भरायला विसरू नका. इंजिनचंही तसंच, पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नसतं, ऑइल उशिरा तापतं, त्यानंतर अजून सात-आठ किलोमीटर शांतपणे चालवा आणि मगच लाल लाईटचं नाव काढा. उलट कडक उन्हात टर्बो गाडी दोन-तीन लॅपमध्ये तापून ताकद कमी करते, ओढ कमी झालेली पाठीला कळते, तेव्हा गिअर दोन-तीनशे आरपीएम लवकर टाका, लाईटची वाट बघू नका.

शेवटचा लॅप ब्रेक न वापरता हळू. पिटमध्ये आलात की हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून बसतो आणि दुसऱ्या दिवशी स्टेअरिंग थरथरायला लागतं. चाकाला दगड लावा, टर्बो असेल तर मिनिटभर इंजिन चालू राहू दे, मग बंद करून गिअरमध्ये ठेवा, बॉनेट उघडा. आणि डिकीतली कडक भाकरी-शेंगा चटणी काढा, तिथल्या कँटीनमध्ये इडली सोडून काही मिळत नाही.